९ व्होल्टवरचा खिशातला हेडफोन ॲम्प: दिवाळी ते पावसाळा वापरल्यानंतर

दिवाळीच्या सुमारास घेतलेला हा छोटा हेडफोन ॲम्प, म्हणजे हेडफोनचा आवाज वाढवणारी डबी, पावसाळा लागला तरी रोज वापरात आहे, म्हणून लिहायला बसलो. आवाजाबद्दल थोडं आणि बॅटरीबद्दल भरपूर लिहिणार आहे. चिप कोणती, कपॅसिटर कोणते यावर आपली हौशी मंडळी रात्ररात्र वाद घालतात आणि बॅटरी मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात जी मिळेल ती टाकतात. इतके महिने वापरून माझं मत झालं आहे की या ॲम्पमधला ऐकू येणारा फरक नव्वद टक्के बॅटरीचाच असतो.

वस्तू सीमॉय प्रकारची आहे. चू मॉय यांनी आखलेलं हे सर्किट गेली वीस-पंचवीस वर्षं जगभरचे लोक घरी जोडत आले आहेत, पुष्कळदा पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत. एक ऑपअँप, म्हणजे आवाज मोठा करणारी चिप, मूठभर रेझिस्टर, दोन मोठे कपॅसिटर, व्हॉल्यूमचा पॉट (फिरवायची कळ) आणि चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी, बस. माझ्यात ओपीए २१३४ ही चिप आहे. डबी ॲल्युमिनियमची, शर्टाच्या खिशात बसते पण खिसा लोंबतो. एका हौशी माणसाने जोडून विकलेला आहे, कंपनीचा माल नाही. त्यामुळे वॉरंटी, मॅन्युअल वगैरे काही विचारू नका.

हेडफोन सेनहायझरचा एचडी ६००, ३०० ओहमचा. हा हेडफोन करंट फार मागत नाही, त्याला व्होल्टेज लागतं. फोनला लावायच्या छोट्या टाइप-सी ॲडॅप्टरमधून फार तर एक व्होल्टच्या आसपास निघतो. नव्या, जोरात रेकॉर्ड केलेल्या गाण्यांना तेवढा पुरतोही. पण मी ऐकतो जुन्या मैफिलींची रेकॉर्डिंग्ज, ती मुळातच हळू असतात. व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेला तरी विलंबितातला तानपुरा लांबूनच ऐकू येतो. ॲम्प लावला की तो जवळ येतो आणि तबल्याच्या बायाँला वजन येतं. मला एवढंच पाहिजे होतं. ‘पडदा उघडला’, ‘स्वर्ग दिसला’ छापाचं वर्णन माझ्याच्याने होत नाही. आवाज मोठा झाला आणि मोठा होताना फाटला नाही, यात सगळं आलं.

आता हा ‘फाटला नाही’चा भाग. ९ व्होल्टची एकच बॅटरी असल्यामुळे सर्किट तिचे दोन अर्धे करतं, वर साडेचार आणि खाली साडेचार. त्यातही ओपीए २१३४ सारखी चिप दोन्ही टोकांना दीड-दोन व्होल्ट सोडूनच चालते. म्हणजे ताज्या बॅटरीवरही आवाजाच्या लाटेला वर-खाली अडीच-तीन व्होल्टच मोकळे मिळतात. बॅटरी ७ व्होल्टवर उतरली की अर्धे साडेतीन-साडेतीन होतात, आणि चिपचा वाटा गेल्यावर हातात दोनही राहत नाहीत. चिप तेव्हाही चालू असते, दिवा लागलेला असतो, गाणं वाजत असतं. फक्त वसंतराव देशपांड्यांसारखा आवाज एकदम वर झेप घेतो तेव्हा लाटेचा शेंडा कापला जातो आणि ‘चर्र’ असं ऐकू येतं. बायाँच्या घुमाऱ्यात तर आधीच कळतं, त्याची गोलाई जाते आणि थाप चपटी लागते. ओळखायची सोपी रीत म्हणजे व्हॉल्यूम थोडा कमी करायचा. चर्र गेलं तर बॅटरी उतरली आहे. नाही गेलं तर दोष रेकॉर्डिंगमध्ये, जॅकमध्ये किंवा आणखी कुठे तरी आहे.

म्हणून पाकिटावरचा एमएएचचा, म्हणजे बॅटरीत साठा किती याचा, आकडा बघून ९ व्होल्टची बॅटरी घेऊ नका. अल्कलाइनवर साडेपाचशेच्या आसपास आकडा असतो, रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइडवर दोनशे-अडीचशे. वाटतं अल्कलाइन दुपटीहून जास्त चालेल. पण अल्कलाइनचा तो आकडा ती अगदी पाच व्होल्टच्या खाली पिळून निघेपर्यंतचा असतो, आणि आपल्याला ती सातच्या खाली नकोच आहे. शिवाय अल्कलाइनचं व्होल्टेज पहिल्या तासापासून उतरणीला लागतं. रिचार्जेबलचं तसं नसतं. ती बराच वेळ एका पातळीवर राहते आणि मग धाडकन पडते. त्यामुळे ३०० ओहमच्या हेडफोनवर प्रत्यक्षात दोघींमधलं अंतर कागदावर दिसतं त्यापेक्षा पुष्कळच कमी आहे. ॲम्प स्वतः नुसता चालू राहायला ८ ते १० मिलिॲम्पिअर खातो. त्यावरून हिशोब केला तर रिचार्जेबल एका चार्जमध्ये वीसेक तास जाते, माझाही अनुभव साधारण तोच. अल्कलाइनने त्याच्या दीडपट काढले, पण शेवटचे काही तास चर्र ऐकत.

रिचार्जेबल घेताना एक गोष्ट मात्र नक्की बघा. वरून सगळ्या ९ व्होल्टच्याच दिसतात, आत मात्र १.२ व्होल्टचे सहा, सात किंवा आठ सेल असतात. सहावाली ७.२ व्होल्टची, सातवाली ८.४ ची, आठवाली ९.६ ची. सहावाली या ॲम्पसाठी सरळ बाद, ती पूर्ण चार्ज असतानाच आपल्या हद्दीवर असते. मी सातवाली वापरतो. आठवाली मिळाली तर घ्यावी, पण तिचा एमएएच सहसा थोडा कमी असतो आणि चार्जर तिला चालणारा आहे का ते आधी विचारून घ्यावं.

विचारावं कोणाला, हा प्रश्न आहेच. नागपुरात बर्डीवर, मोदी नंबर तीन या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या गल्लीत मी चार दुकानं फिरलो. एका काकांनी बॅटरी काढली, मल्टिमीटरच्या सळ्या टेकवल्या आणि म्हणाले, “हे पाय, नऊ दाखवून राह्यलं ना? झालं मंग.” आता नुसती ठेवलेली बॅटरी नऊ दाखवतेच, अर्धी संपलेली असली तरी बऱ्यापैकी दाखवते. मोजायची ती गाणं चालू असताना, भार असताना. काकांना म्हटलं, ही सहा सेलची का सात सेलची? ते माझ्याकडे बघतच राहिले. “भाऊ, गिटारवाले हेच नेते, मीटरवाले हेच नेते, तुम्हालेच काऊन येवढं लागते?” पण माणूस भला. खोक्यातल्या सगळ्या बॅटऱ्या काउंटरवर ओतून म्हणाले, वाचा तुम्हीच. त्यातल्या एकीवर बारीक अक्षरात ८.४ छापलेलं सापडलं. तीच आजही चालू आहे.

बाकी प्रकारांचं थोडक्यात. साधी झिंक-कार्बन, जिच्यावर ‘हेवी ड्यूटी’ लिहिलेलं असतं, ती एका अल्कलाइनच्या पैशात तीन-चार येतात. मल्टिमीटरला उत्तम, ॲम्पला नको. भार पडला की दबते आणि विसरून राहिली तर पाझरते. यूएसबीने चार्ज होणारी लिथियमवाली ९ व्होल्ट फार आशेने घेतली होती. आतला सेल ९ व्होल्टचा नसतो, म्हणून व्होल्टेज ठरावीक ठेवायला आत एक स्विचिंग सर्किट बसवलेलं असतं, आणि माझ्या नगात ते ऐकू येत होतं. गाणं थांबलं की मागे एक अगदी बारीक शिट्टी. सगळ्याच तशा असतील असं नाही. शिवाय ती संपताना आधी काही सांगत नाही, संरक्षक सर्किट एकदम तोडतं आणि कानात ‘ठप्प’ बसतो. एकदाच वापरायची लिथियमची ९ व्होल्टही असते, धुराच्या अलार्ममध्ये घालतात ती. बाराशे एमएएचच्या आसपास असते, पण महाग आहे आणि रोज गाणी ऐकणाऱ्याने तिच्या नादी लागू नये.

आता आपला उन्हाळा. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरात एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, मग कळलं की सेन्सर बिघडला होता. सेन्सर चांगला असला तरी पंचेचाळीस आपल्याला नवे नाहीत. एप्रिल-मे मध्ये स्कूटीच्या डिक्कीत बॅटरी ठेवणं म्हणजे पैसे डिक्कीत जाळणं. उष्णतेने कुठलीही बॅटरी बसल्या जागी लवकर उतरते. रिचार्जेबलला दुसरंही एक दुखणं आहे, गरमीत ती चार्ज नीट घेत नाही. दुपारी चार्जला लावलेली बॅटरी वापरताना बारा-तेरा तासांतच दम तोडायची आणि मला वाटलं ही गेली. मग पहाटे, कूलरच्या खोलीत, सावकाश चार्जरवर लावायला लागलो, तर पूर्वीसारखी चालायला लागली. सावकाश म्हणजे २५० एमएएचच्या बॅटरीला २५ मिलिॲम्पिअरने चौदा ते सोळा तास. सगळे तास पहाटेचे मिळत नाहीत हे खरं, पण रात्री झोपताना लावून सकाळी ऊन चढायच्या आत निम्म्याहून जास्त काम होतं. दोन बॅटऱ्या ठेवल्या की घाईही राहत नाही.

मेट्रोचं विचाराल तर सुभाष नगर ते सीताबर्डी या प्रवासात हा ॲम्प मी नेत नाही. एचडी ६०० मागून उघडा असतो, बाहेरचं सगळं आत येतं आणि आपलं गाणं शेजारच्या काकूंना ऐकू जातं. बंद, १६ ओहमचे इअरफोन लावून पाहिले तर उलटं झालं. ॲम्पचा गेन, म्हणजे आवाज किती पट वाढवायचा ते, अकरापट, त्यामुळे गाणं सुरू व्हायच्या आधीच सूं ऐकू येते आणि पॉट जरा फिरवला की कान फुटतो. अगदी खालच्या टोकाला डावा-उजवा आवाजही सारखा नसतो, स्वस्त पॉटचा तो दोष आहे. आणि इतक्या कमी ओहमला जो करंट लागतो तो या चिपला झेपत नाही. इअरफोनवाल्यांनी हे घेऊच नये, फोनचा ॲडॅप्टर त्यांच्यासाठी बरा. विकणाऱ्याला सांगून दोन रेझिस्टर बदलून घेतले, गेन पाचपट केला, तेव्हा एचडी ६०० वरही पॉट सोयीच्या जागी फिरायला लागला. घ्यायचाच असेल तर आधीच पाचपट सांगा.

तक्रारी दोन. बॅटरीच्या टोकांवर बसणारं जोडणीचं टोपण ढिलं आहे, डबी हलली की खर्र होतं. आणि बॅटरी लावताना टोपण उलटं टेकलं तर उलटा प्रवाह आत जाऊ शकतो, तो अडवायला एक डायोड पाहिजे होता, तो नाही. पाच रुपयांची बचत केली आहे. जादाची बॅटरी बॅगेत नेताना तिच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून न्या. किल्ल्यांचा जुडगा टेकला तर ती तापते, आणि चांगलीच तापते.

उरली खरी उणीव, ती म्हणजे बॅटरी उतरत आल्याचं सांगणारं काहीच नाही. लाल दिवा रेझिस्टरवर जोडला आहे, त्यामुळे पाच व्होल्टलाही तो सुखाने जळत बसतो. त्याच्या ओळीत ५.१ व्होल्टचा झेनर, म्हणजे ठरलेल्या व्होल्टेजच्या खाली प्रवाह न सोडणारा डायोड, घालायचा आणि रेझिस्टर त्या बेताने कमी करायचा, म्हणजे दिव्याचे पावणेदोन-एक मिळून सातच्या जवळ तो मंद होऊन विझेल. झेनर मोदी नंबर तीनमध्ये चिल्लर पैशात मिळतो. या रविवारी डबी उघडणार आहे, तेव्हाच डायोडही बसवून टाकतो.