आवाज येतो, चित्र येत नाही, आणि बिल लेन्स बदलल्याचं

डीव्हीडी प्लेअरच्या दुरुस्तीच्या नावाखाली आमच्याकडून 2,400 रुपये उकळले गेले. तपासणीचे 200, ‘लेन्स’ बदलली म्हणून 950, ‘सॉफ्टवेअर टाकलं’ म्हणून 700 आणि ‘ऑल फॉरमॅट’ म्हणून गळ्यात मारलेल्या 64 जीबीच्या पेन ड्राइव्हचे 550. यात थोडी भर घातली असती तर नवा प्लेअर आला असता. दुकानाचं नाव देत नाही. नाव दिलं तर एवढं एकच दुकान टाळलं जाईल, आणि हा प्रकार एका दुकानापुरता नाही.

तक्रार एवढीच होती की साखरपुड्याचं चित्रीकरण पेन ड्राइव्हवरून प्लेअरवर दिसत नव्हतं. मोबाइलच्या एमपी4 फाइल यादीतच येत नव्हत्या. एडिट करून घेतलेली एव्हीआय फाइल यादीत दिसायची, आवाज खणखणीत यायचा, पडदा काळा. दुकानात ऐकून घेतलं आणि दोन मिनिटांत निदान झालं: ‘लेन्स वीक झालीये.’

संशय यायला हवा होता तो नेमका इथे. फाइल पेन ड्राइव्हवर होती. यूएसबीवरून फाइल चालते तेव्हा डिस्क वाचणाऱ्या लेन्सचा त्यात काडीचाही संबंध नसतो, लेसर पेटतसुद्धा नाही. लेन्स उपसून फेकून दिली तरी पेन ड्राइव्हवरचं गाणं वाजेल. आणि समजा तीच फाइल डिस्कवर असती, तरी चित्र आणि आवाज एकाच फाइलमध्ये तुकड्या-तुकड्यांनी एकमेकांत गुंफलेले असतात. ज्या लेन्सला आवाजाचे तुकडे नीट वाचता येतात तिला मधले चित्राचे तुकडे तेवढे दिसत नाहीत, असं होऊच शकत नाही. आवाज आला याचा अर्थच वाचन व्यवस्थित झालं. अडलं ते फाइलमध्ये दाबून साठवलेलं चित्र उलगडण्यात. ‘आवाज येतो, चित्र येत नाही’ एवढ्या एका वाक्यावर लेन्सचं निदान खोटं ठरत होतं, आणि ते वाक्य दुकानदाराला आम्हीच सांगितलं होतं. तरीही विश्वास बसला, कारण घरातल्या जुन्या कीर्तनाच्या सीडी अधूनमधून अडकत होत्या. त्याने तेच हेरलं आणि दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधून दिल्या. समोरचा माणूस रोज हेच काम करतो म्हटल्यावर गिऱ्हाइकाने यापेक्षा आणखी किती शंका घ्यायची?

खरं कारण यंत्राच्या आत काहीच बिघडलेलं नाही, हे होतं. साध्या डीव्हीडी प्लेअरमधली चिप, मीडियाटेकची 1389 मालिका यात फार सापडते, डीव्हीडीचं एमपेग-2 चित्र उलगडते आणि प्लेअरवर ‘डिव्हएक्स’ लिहिलेलं असेल तर एमपेग-4 भाग 2, म्हणजे डिव्हएक्स आणि एक्सव्हिड. आकाराची मर्यादा साधारण 720 बाय 576. आजचे मोबाइल चित्रीकरण करतात एच.264 किंवा एचईव्हीसी (एच.265) या चित्र दाबून साठवण्याच्या नव्या पद्धतींमध्ये, 1920 बाय 1080 किंवा त्याहून मोठं. आमच्या एव्हीआय फाइलच्या पोटातही एच.264 च होतं. एव्हीआय, एमपी4 ही नुसती डब्यांची नावं आहेत, आत काय भरलंय ते नावावरून कळत नाही. म्हणूनच एमपी4 चं नाव बदलून एव्हीआय केल्याने काही साधत नाही. फार तर फाइल यादीत दिसायला लागते आणि पुन्हा काळा पडदा.

खोक्यावरच्या ‘एचडीएमआय 1080पी’ला भुलू नका. तो प्लेअर डीव्हीडीचं चित्र ताणून 1080 रेषांचं करून टीव्हीला पाठवतो, एवढाच त्याचा अर्थ. 1080 ची फाइल तो वाचतो असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं, आणि दुकानात मात्र तसंच सांगून विकतात.

आता ते 700 रुपयांचं ‘सॉफ्टवेअर’. एच.264 उलगडण्याची सोय चिपच्या रचनेतच नसेल तर कुठलंही फर्मवेअर, म्हणजे प्लेअरच्या आतलं सॉफ्टवेअर, ती आणून बसवू शकत नाही. फर्मवेअरने एखादी चूक सुधारते, मेनू बदलतो, एखाद्या कंपनीच्या कोऱ्या डिस्क नीट वाचल्या जातात. तेही नेमक्या त्याच मॉडेलचं असावं लागतं. दुसऱ्याचं टाकलं तर प्लेअर कायमचा बंद पडू शकतो. आमच्या प्लेअरच्या सेटअप मेनूत आवृत्तीचा क्रमांक दिसतो. 700 रुपये देण्याआधी होता तोच क्रमांक नंतरही होता. टाकलं काहीच नव्हतं. दुरुस्तीला द्यायच्या आधी मेनूतल्या त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

प्लेअर ‘नीट झाला’ हे दाखवायला त्याने स्वतःच्या पेन ड्राइव्हवरचं गाणं लावलं. ते एक्सव्हिडचं होतं, आणल्या दिवशीही चाललं असतं. दुकानात तुमचीच फाइल, तुमच्याच पेन ड्राइव्हवरून लावायला सांगा. नाही लावली तर एक पैसा देऊ नका.

‘ऑल फॉरमॅट’ पेन ड्राइव्ह हाही चक्क बनाव. असा पेन ड्राइव्ह नसतो. एक्सफॅट आणि फॅट32 या ड्राइव्हवर फाइली मांडायच्या पद्धती. 64 जीबीचे ड्राइव्ह बऱ्याचदा एक्सफॅट करून येतात, आणि हे प्लेअर बहुधा फक्त फॅट32 ओळखतात. त्याने तो ड्राइव्ह फॅट32 करून दिला, बस. हे घरी फुकटात होतं. मात्र विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या चौकटीत 32 जीबीवरच्या ड्राइव्हला फॅट32 चा पर्याय येत नाही, म्हणून 16 किंवा 32 जीबीचाच वापरा. फॉरमॅट करताना आतलं सगळं पुसलं जातं, आधी प्रत काढा. फॅट32 वर 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश आला तर घाबरू नका, फाइलचे भाग करा.

लेन्स खरंच गेली की नाही ते ओळखायची खूण वेगळी आहे. डिस्क फिरून थांबते आणि ‘नो डिस्क’ येतं, चित्राचे चौकोन पडतात, सीडी चालते पण डीव्हीडी चालत नाही किंवा उलट. दोन्हींचे लेसर वेगळे असतात, सीडीचा 780 नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीचा 650 चा, त्यामुळे एक जाऊन दुसरा राहू शकतो. अशा वेळीही आधी प्लग काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओला केलेला कानकोरण्याचा कापूस लेन्सवरून हलक्या हाताने फिरवा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. बदललीच तर जुनी लेन्स परत मागा. आम्हाला ‘फेकून दिली’ असं उत्तर मिळालं.

फाइलचं निदान ‘मीडियाइन्फो’ हा मोफत प्रोग्राम करतो. व्हिडिओच्या खाली फॉरमॅट म्हणून एव्हीसी दिसलं तर ते एच.264, एचईव्हीसी दिसलं तर एच.265. दोन्ही साध्या डीव्हीडी प्लेअरला चालणार नाहीत. ब्लू-रे प्लेअर बहुधा एच.264 चालवतात, एचईव्हीसीला अल्ट्रा एचडी मॉडेल लागतं.

रूपांतर ‘अव्हीडेमक्स’मध्ये करा, तोही मोफत. चित्राला एक्सव्हिड, आवाजाला एमपी3, डबा एव्हीआय. आडव्या चित्राला 720 बाय 400 आकार, बिटरेट 1500 ते 2000 केबीपीएस, सेकंदाला 25 चौकटी. आवाज 48 किलोहर्ट्झ, 192 केबीपीएस. ‘क्यूपेल’ आणि ‘जीएमसी’ हे दोन पर्याय बंदच ठेवा, ते चालू राहिले तर फाइल संगणकावर सुरेख चालते आणि प्लेअरवर चित्र फाटतं. मोबाइलच्या चित्रीकरणात चौकटींचा वेग कमी-जास्त होत राहतो. तो स्थिर केला नाही तर एव्हीआयमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे होत जातात. उभं चित्रीकरण आडवं पडलं तर फिरवून घ्या. ‘हँडब्रेक’ इथे उपयोगाचा नाही, तो एव्हीआय बनवत नाही.

डिस्कच हवी असेल तर ‘डीव्हीडीस्टायलर’ने खरी डीव्हीडी-व्हिडिओ बनवा, पाल (भारतातली टीव्ही पद्धत), 720 बाय 576. 4.7 जीबीच्या डिस्कवर चांगल्या दर्जाचे दोन तास बसतात. कोऱ्या डिस्कवर एमपी4 नुसती उतरवली की डीव्हीडी होत नाही. डिस्क कमी वेगाने लिहा आणि शेवटी फायनलाइज करा, म्हणजे डिस्क इतर प्लेअरवर चालेल अशी बंद करा.

आणि सगळ्यात संताप येतो तो याचा, की आजच्या बहुतेक टीव्हींना यूएसबीचं भोक असतं आणि टीव्ही स्वतः एच.264 चालवतो. तोच पेन ड्राइव्ह प्लेअरऐवजी सरळ टीव्हीला लावला असता तर एक रुपया लागला नसता. दुकानदाराला हे माहीत नव्हतं, यावर कोण विश्वास ठेवेल?

दाद मागायला गेलो तर प्रत्येकाने दुसऱ्याचं दार दाखवलं. कंपनीच्या सेवा केंद्रात प्लेअर उघडलेला दिसताच हात वर केले. पोलीस चौकीत ‘ही दिवाणी बाब आहे’ म्हणून अर्ज घ्यायलाच नकार. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर विचारणा झाली ती पक्क्या बिलाची. ती हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार समोरच्याकडे पाठवते; समोर शटरएवढं दुकान असेल तर ते उत्तर कशाला देईल? आमच्याकडे वहीच्या पानावर आकडे लिहिलेली कच्ची पावती. बिल नाही म्हणून तक्रार नाही, हे ऐकून डोकंच फिरतं! ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 2(47): विकलेल्या मालाचं किंवा दिलेल्या सेवेचं बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे. म्हणजे ज्या कागदाअभावी आम्हाला परत पाठवलं जातं, तो कागद न देणं हाच दुकानदाराचा दोष. तक्रार ऐकायला खुर्चीत बसलेल्या माणसाला हे कलम गिऱ्हाइकाने वाचून दाखवायचं, आणि त्याने वर म्हणायचं की एवढ्याशा रकमेसाठी कशाला त्रास घेता. 2,400 रुपये त्याला एवढेसे वाटतात, कारण ते त्याच्या खिशातून गेलेले नाहीत.

जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, वकील सक्तीचा नाही. आमचा अर्ज तिथे गेला आहे. तुमच्यावर वेळ आली तर पैसे यूपीआयनेच द्या आणि शेऱ्यात ‘लेन्स बदल’, ‘सॉफ्टवेअर’ असं कामाचं नाव लिहा. रोख दिले असतील तर दुकानाला संदेश पाठवून बिल मागा आणि त्याचा नकार किंवा मौन, दोन्हीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.