फायनल फँटसी १४ : फक्त उजेड आणि हवामानासाठी

मी नाटकांची प्रकाशयोजना करतो. त्यामुळे कुठलाही गेम सुरू केला की उजेड कुठून येतोय हे आधी बघतो, तलवारी आणि ड्रॅगन नंतर. ‘फायनल फँटसी १४’ या ऑनलाइन गेममध्ये मी रमलो तो तिथल्या उजेडामुळे आणि हवेमुळे, म्हणून हा रिव्ह्यू तेवढ्याच बाबतीत आहे. लढाई, क्लास, लेव्हल यांवर इतरांनी भरपूर लिहिलंय.

आधी घड्याळ समजून घ्या. इऑर्झियातला, म्हणजे गेममधल्या जगातला, एक दिवस आपल्या ७० मिनिटांत उरकतो. हवामान तिथल्या दर ८ तासांनी, म्हणजे आपल्या २३ मिनिटं २० सेकंदांनी बदलतं. ते ऐनवेळी फासे टाकून ठरत नाही, वेळेवरून गणिताने निघतं. त्यामुळे सगळ्या सर्व्हरवर एका वेळी एकच हवा असते. खेळाडूंनी ते गणित कधीच सोडवलंय आणि पुढचे अंदाज काढून ठेवलेत. मला ही शिस्त फार आवडते. नाटकातही क्यू, म्हणजे उजेड बदलायचा क्षण, ठरलेलाच असतो. प्रेक्षकाला मात्र ढग आत्ता आला असं वाटलं पाहिजे.

प्रत्येक प्रदेशाचा स्वभाव वेगळा. मध्य थानालान कोरडं. तिथे धुळीचं वादळ १०० पैकी १५ वेळा, पाऊस जेमतेम ५ वेळा. म्हणून तो आला की मी हातातलं काम सोडून उभा राहतो. चिलखतावर ओली चकाकी चढते, अंगावरचं कापड गडद होतं, आणि एरवी पिवळ्या उन्हात भाजून निघणारा तो मुलूख एकदम करडा दिसायला लागतो. कोअर्थस तर कायमचं हिवाळ्यात अडकलंय. २०१० साली आलेल्या मूळ गेममध्ये तो हिरवा भाग होता. तो गेम फसला, २०१२ मध्ये बंद झाला आणि २०१३ मध्ये नव्याने आला तेव्हा कथेतल्या महासंकटाने तिथे बर्फ आणला होता. असं कारण असलेला बर्फ नुसत्या सजावटीच्या बर्फापेक्षा कितीतरी पटीने थंड वाटतो.

हवेला कामही दिलंय. काही मासे ठरावीक हवेतच गळाला लागतात. काहींना तर आधीच्या टप्प्यात एक हवा आणि आत्ता दुसरी लागते. युरेका या प्रदेशात पाझुझू नावाच्या राक्षसाला बाहेर काढायचं तर सोसाट्याचा वारा हवा. सगळ्यात सुंदर कल्पना म्हणजे सुरुवातीचा साइटसीइंग लॉग : ८० जागा, प्रत्येकीची वेळ आणि हवा ठरलेली. त्या वेळी, त्या हवेत तिथे जाऊन बहुतेक वेळा ‘लुकआउट’ करायचं, म्हणजे नुसतं बघायचं. खेळाडूला थांबून उजेड बघायला लावणारा गेम मला दुसरा माहीत नाही.

आता गेमला २०१९ मध्ये जोडलेला नवा भाग, ‘शॅडोब्रिंगर्स’. (कथा कळू द्यायची नसेल तर हा परिच्छेद सोडा.) इथल्या नॉर्व्रांटमध्ये रात्रच उरलेली नाही. आकाश सतत पांढरट, झगझगीत. आपल्याकडे उजेड म्हणजे शुभ हे मनात इतकं पक्कं बसलेलं असतं, आणि इथे तोच जीव घेतोय. स्टेजवर सगळे दिवे फुल ठेवले की दृश्याची खोली मरते, चेहरे सपाट होतात, डोळे शिणतात. तेच यांनी मुद्दाम केलंय आणि तासन्‌तास धरून ठेवलंय. मग होल्मिन्स्टरची लढाई पार केल्यावर लेकलँड या प्रदेशावर अंधार पडतो, तारे दिसतात, आणि माणसं वर बघत उभी राहतात. इतक्या धीराने राखून ठेवलेला क्यू मी रंगमंचावरही फार कमी पाहिलाय. त्या प्रसंगासाठी मी हा गेम कुणालाही सुचवेन.

२०२४ च्या ‘डॉनट्रेल’ या भागासोबत ग्राफिक्स नवे झाले. आधी आलेल्या बेंचमार्कमधल्या (आपल्या संगणकावर गेम कसा चालेल ते दाखवणाऱ्या चाचणीतल्या) पात्रांच्या चेहऱ्यांवरच्या उजेडाबद्दल खेळाडूंनी तक्रारी केल्या आणि मे महिन्यात सुधारलेला बेंचमार्क आला. आता चामडं आणि लोखंड यांच्यावर उजेड वेगवेगळा पडतो, गवताला सावली आहे.

मला खटकतं ते एवढंच : रात्री अजूनही फार निळ्या आणि उजळ आहेत. खेळताना दिसलं पाहिजे हे मान्य, पण कंदिलाची गरज वाटेल असा एखादा तरी मुलूख हवा होता. शिवाय पाऊस आला म्हणून बाजारातलं कोणी आडोशाला जात नाही.

पैसे घालण्याआधी मोफत ट्रायल घ्या. ऑक्टोबर २०२३ पासून तिच्यात ‘शॅडोब्रिंगर्स’च्या आधीच्या ‘स्टॉर्मब्लड’पर्यंतचा भाग आणि ७० वी लेव्हल मिळते, वेळेची मर्यादा नाही. त्यापुढचं ‘शॅडोब्रिंगर्स’ मी विकत घेतलं. सुरुवातीला आर्चर, लान्सर किंवा कॉन्जरर हा क्लास निवडा, म्हणजे ग्रिडानिया या शहरात उतराल; तिथे पाचांत एकदा पाऊस असतो. आणि खेळताना खोलीतली ट्यूब बंद ठेवा.