लुदियाची घडी आणि अनेसिमची उधारी

पडदा उघडतो तेव्हा लुदिया कापडाची घडी घालत असते. काठाला काठ जुळवते आणि शेवटी हात पालथा करून एकदाच दाब देते. तळहात लावत नाही, कारण तळहाताचा घाम कापडाला लागतो. रामबागेत घरूनच माहेश्वरी साड्या विकायला लागून मला सव्वीस वर्षं झाली. त्या एका हालचालीवर मी खुर्चीत सावरून बसले.

येशूच्या पहिल्यावहिल्या अनुयायांवर आपल्या इंदूरच्या हौशी मंडळींनी हे दोन अंकी मराठी नाटक बसवलंय. तिकीट २०० रुपये. डोक्यामागे तेजोवलय असलेले संत इथे नाहीत, निदान पहिल्या अंकात तरी. आहेत ती पोटापाण्याच्या मागे लागलेली माणसं. लुदिया जांभळं कापड विकणारी. प्रिस्किल्ला आणि अक्विला हे जोडपं राहुट्या करणारं, क्लौद्य बादशहानं यहुद्यांना रोम सोडायला लावलं म्हणून ग्रीसमधल्या करिंथला आलेलं. येशूची शिकवण गावोगावी सांगत फिरणाऱ्या पौलाचाही धंदा तोच, म्हणून तो त्यांच्याकडेच राहून काम करतो. बायबलमध्ये बहुतेक ठिकाणी प्रिस्किल्लाचं नाव नवऱ्याच्या आधी येतं. नाटकात गिऱ्हाईक येऊन अक्विलाला भाव विचारतं, तर तो मान वर न करता म्हणतो, "तिला विचारा." आमच्या रांगेतल्या सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

लुदियाचं गाव थुवतीरा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं अखिसार. तिथे रंगाऱ्यांचा संघ होता, त्याचे शिलालेख सापडलेत. समुद्री शंखांपासून काढलेला जांभळा रंग किती महाग पडत असेल, तर १९०९ साली एका रसायनशास्त्रज्ञानं १२,००० शंख घेतले तेव्हा हाती आला जेमतेम १.४ ग्रॅम. लुदियाचा रंग शंखाचा की मंजिष्ठाच्या मुळाचा, हे बायबल सांगत नाही. नाटकानं शंख धरलेत आणि ते बरं केलं, कारण मग तिच्या हातांना येणारा वासही नाटकात येतो. फिलिप्पैच्या वेशीबाहेर नदीकाठी बायका प्रार्थनेला जमतात, तिथे ती थोडी लांब बसते. पौलाचं बोलणं ऐकून झाल्यावर "माझ्या घरी उतरा" असं आग्रहानं म्हणते, पण म्हणण्याआधी दोन्ही हात वस्त्राखाली घेते. असं काम पाहिलं की डोळ्यांत पाणी येतं.

तुरुंगाच्या प्रवेशात पौल आणि त्याचा सोबती सीला पाय खोड्यात अडकलेले असताना मध्यरात्री गातात. गाणं अभंगाच्या चालीवर आहे, साथीला फक्त खोड्याच्या लाकडावर बोटांचा ठेका. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताची भजनं अभंगात रचली त्याला शंभरावर वर्षं झाली, त्यामुळे हे उपरं वाटत नाही. पुढे भूकंपाचा आवाज मात्र एवढा मोठा ठेवलाय की कैदी पळाले असं समजून जीव द्यायला निघालेल्या तुरुंगाधिकाऱ्याचं बोलणंच ऐकू येत नाही. तो कमी करा.

शेवटची वीस मिनिटं मला पटली नाहीत. रोममधला छळ सुरू झाला आणि सगळे पांढऱ्या कपड्यांत, निळ्या प्रकाशात ओळीनं उभे राहून भाषणं करायला लागले. ज्या प्रिस्किल्लाच्या हातात अर्ध्या तासापूर्वी सुई होती, तिच्या हातात आता नुसता दिवा. ती शिवता शिवता बोलली असती तर तिची भीती माझ्यापर्यंत पोचली असती.

पण त्याच अंकात अनेसिमचा प्रवेश आहे. हा फिलेमोनाचा गुलाम, मालकाला सोडून गेलेला. आता तो पौलाचं पत्र घेऊन परत आलाय. पत्र २५ ओव्यांचं, सगळं मिळून एक पान. फिलेमोन उभ्यानंच वाचतो. 'त्यानं तुझं काही नुकसान केलं असेल, काही देणं असेल, तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन' या ठिकाणी तो थांबतो आणि पुन्हा तीच ओळ वाचतो, हळू. आमच्याकडे एकदा एक तरुण विणकर आगाऊ रक्कम घेऊन दिसेनासा झाला. महिन्याभरानं महेश्वरहून त्याला हातमागावर शिकवणारे म्हातारे काका बसनं आले आणि म्हणाले, "ताई, त्याचं माझ्या खात्यात लिहा." मी वही उघडली आणि मला लिहिता येईना. फिलेमोनाचं काम करणाऱ्या मुलानं तो थांबा तसाच घेतला. अनेसिम त्याच्या तोंडाकडे बघत नाही, पत्र धरलेल्या बोटांकडे बघतो. फिलेमोनानं पुढे काय केलं ते पत्रात नाही, नाटकातही नाही. दिवे जातात.

येत्या रविवारी संध्याकाळी पुन्हा प्रयोग आहे. डाव्या बाजूच्या खुर्च्या घ्या. लुदियाचं दुकान तिकडे मांडलंय, घडी जवळून दिसते.