झोलिंगेनचा मर्कॅटर की ओपिनेल?
खिशातले हे दोन्ही घडीचे चाकू वापरून झाले म्हणून लिहितोय. झोलिंगेन म्हणजे चाकूंसाठी प्रसिद्ध जर्मन शहर; तिथला मर्कॅटर के५५के म्हणजे दुमडलेल्या पत्र्याची मूठ, त्यावर उडी मारणारी मांजर, खिशात इतका चपटा बसतो की आहे हेच विसरायला होतं, आणि मागचं लॉक एकदम खटकन! पण कार्बन स्टील आहे बरं, कैरी कापून तसाच ठेवला तर पातं काळं पडणारच, लगेच पुसा. फ्रान्सचा ओपिनेल ८ नंबर निम्म्याहून कमी पैशात कापायला उलट सरसच वाटतो, पातळ पातं ना, फक्त लाकडी मूठ ओली झाली की फुगते आणि मग उघडता उघडत नाही. गंज नकोच असेल तर सरळ स्टेनलेस पात्याचा स्विस व्हिक्टोरिनॉक्स. आणि हो, जर्मन नाव बघून भुलू नका, ब्योकर या जर्मन कंपनीची ‘ब्योकर प्लस’ मालिका जर्मनीत बनत नाही, पात्यावर झोलिंगेन कोरलंय का ते बघा.