पचमढीऐवजी पातालकोट: सीताबर्डीतील एका प्रवास कार्यालयाचा अनुभव

दर उन्हाळ्यात नागपूरकरांची पावले चिखलदरा किंवा पचमढीकडे वळतात आणि आमच्या घरीही तेच ठरले होते. मात्र सीताबर्डीतील या कार्यालयातील ताईंनी आईच्या गुडघेदुखीची आपुलकीने चौकशी करून छिंदवाडा जिल्ह्यातील तामिया व पातालकोट सुचवले. पचमढीच्या १,३५२ मीटर उंचीच्या धूपगडावरचा सूर्यास्त आम्ही अनेकदा पाहिला असला, तरी भारिया आदिवासींची गावे पोटात घेतलेली पातालकोटची ती खोल दरी आम्हा सर्वांनाच नवी होती. आईला ती काठावरूनच दाखवावी, खाली उतरण्याचा आग्रह धरू नये, हा त्यांचा सल्ला मला फार मोलाचा वाटला. गाडी मात्र दीड तास उशिरा आली. ज्येष्ठांना सोबत नेणाऱ्यांनी वेळेची खात्री आदल्या रात्रीच करून घ्यावी.