सुतारकामाच्या खोलीतला रेडिओ: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मी पुण्यातील घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे माझे हौशी सुतारकाम चालते, तेथे ऐकण्यासाठी तीन वस्तू घेतल्या. एक साधा एफएम आणि मीडियम वेव्हचा रेडिओ, एक ब्लूटूथ स्पीकर आणि एक रेडिओ असलेले कानावरचे आवाजरोधक. आता उन्हाळा लागला आहे आणि तिन्ही वस्तू भुश्यात पुरेशा मुरल्या आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. माझे मत आधीच सांगून टाकतो: तिन्हींत सर्वांत स्वस्त असलेला रेडिओ सर्वांत उपयोगी ठरला, आणि त्याची खरी जागा रंधा, पटाशी आणि हातकरवत यांच्या कामात आहे, यंत्र सुरू झाले की तो बंद असला पाहिजे.

रेडिओ दोन हजारांच्या आतला आहे. समोर काटा फिरणारी पट्टी, बाजूला दोन मोठी बटणे, मागे दांडीची एरियल आणि पोटात मोठे सेल, एवढाच त्याचा संसार. हाताला फेव्हिकॉल लागलेला असताना कोपराने किंवा मनगटाने आवाज कमी करता येतो, ही गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही, पण कामाच्या जागी तिचे मोल फार आहे. मोबाइलचा पडदा भुसा माखलेल्या बोटांना दाद देत नाही, आणि एक गाणे बदलण्यासाठी हात पुसून मोबाइल उचलला की त्यावर आलेले चार निरोपही वाचले जातात. रेडिओवर निवड दुसऱ्याने केलेली असते. मला फक्त लाकडाकडे पाहायचे असते.

पुण्यात 101 मेगाहर्ट्झवर विविध भारती आणि मीडियम वेव्हवर 792 किलोहर्ट्झला आकाशवाणी पुणे, ही माझी दोन ठरलेली ठिकाणे. सुटीच्या दिवशी सकाळी 7 वाजून 10 मिनिटांच्या प्रादेशिक बातम्यांना मी पटाश्यांना धार लावायला बसतो, आणि साडेसातला 'संगीत सरिता' सुरू होते तोवर पहिल्या दोन पटाश्या हातावरचे केस उतरवण्याइतक्या लागलेल्या असतात. संध्याकाळी सांध्यांना फेव्हिकॉल लावून शिकंजे (क्लॅम्प) आवळले की 'हवामहल' संपेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, असा नियम आपोआप पडून गेला. शेडमध्ये मी घड्याळ लावलेलेच नाही, आणि त्याची उणीवही भासलेली नाही.

ग्रहणाचा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्यावर थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. पत्र्याचे छप्पर आणि पत्र्याच्या भिंती एफएमच्या लहरी अडवतात. मधल्या टेबलावर ठेवलेला रेडिओ खरखरतो आणि तोच खिडकीच्या कट्ट्यावर, एरियल काचेच्या बाजूला कलती करून ठेवला की स्वच्छ वाजतो. मीडियम वेव्हचे गणित वेगळे आहे. तेथे बाहेरची दांडी उपयोगाची नसते. आत आडवी बसवलेली फेराइटची कांडी लहर पकडते, आणि तिच्या टोकांच्या दिशेने येणारा संदेश सर्वांत क्षीण होतो. याचा फायदा असा की, माझ्या कामाच्या टेबलावरच्या एलईडी दिव्याच्या चालकातून (त्याला वीज पुरवणाऱ्या मंडलातून) येणारी गुणगुण त्रास देऊ लागली, तेव्हा मी संपूर्ण रेडिओच हळूहळू फिरवत गेलो. एका ठिकाणी गुणगुण जवळजवळ नाहीशी झाली आणि पुण्याचा आवाज मात्र टिकून राहिला. आता त्या जागी कट्ट्यावर पेन्सिलीची खूण केलेली आहे.

यंत्रांचा अडथळाही असाच समजून घेण्यासारखा आहे. हातातले ड्रिल, राउटर (लाकडात खाचा पाडणारे यंत्र) आणि गोल करवत यांत बहुधा कार्बन ब्रशची, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांची, मोटर असते. ब्रशपाशी उडणाऱ्या बारीक ठिणग्यांमुळे मीडियम वेव्हवर कडकडाट होतो, कारण तेथे संदेश लहरीच्या उंचीत भरलेला असतो आणि ठिणगी त्या उंचीतच ढवळाढवळ करते. एफएममध्ये संदेश लहरीच्या कंपनसंख्येत असतो, त्यामुळे तोच अडथळा बराचसा गाळला जातो. इंडक्शन मोटरवर चालणाऱ्या यंत्राला ब्रश नसतात, म्हणून तेथे हा त्रास नाही. शेजारी कोणी ड्रिल चालवत असला तरी मला ते आधी मीडियम वेव्हवर कळते.

ब्लूटूथ स्पीकरविषयी थोडक्यात लिहितो. तो आयपी67 या धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाच्या दर्जाचा आहे. त्यातील 6 या अंकाचा अर्थ धूळ आत शिरत नाही असा होतो, आणि माझ्या अनुभवात ते खरे ठरले. आवाज रेडिओपेक्षा कितीतरी भरदार आहे. संग्रहातील शास्त्रीय गायन ऐकायचे असेल तेव्हाच मी तो काढतो, कारण त्यासाठी मोबाइल शेडमध्ये आणावा लागतो आणि मला ते नको असते.

आता कानाविषयी. राउटर आणि गोल करवत सहज 95 डेसिबलच्या पुढे जातात. अमेरिकेतील 'नायॉश' या व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस अशी आहे की, 85 डेसिबलचा आवाज 8 तासांपर्यंत चालेल आणि पुढच्या प्रत्येक 3 डेसिबलला ही मुदत निम्मी धरावी. त्या हिशेबाने 94 डेसिबलला एक तास आणि 100 डेसिबलला अवघी 15 मिनिटे उरतात. यंत्राच्या वर गाणे ऐकू यावे म्हणून स्पीकर मोठा करणे म्हणजे कानावरचा भार वाढवणे, आणि हा प्रकार मी अनेक कारखान्यांत व इमारतींच्या कामांवर रोज पाहतो. रेडिओयुक्त आवाजरोधकात ही अडचण नाही, कारण युरोपीय मानक 352-8 अनुसार त्यातील गाण्याचा कानापर्यंतचा आवाज 82 डेसिबलवर रोखलेला असतो. माझे आवाजरोधक त्या मानकाचे आहे आणि हिरवळ कापणे, भिंत घासणे अशा कामांत ते उत्तम आहे.

तरीही राउटर किंवा टेबल सॉवर (टेबलात बसवलेल्या यंत्राच्या करवतीवर) असताना मी त्यातला रेडिओ बंदच ठेवतो. आवाजरोधकातूनही यंत्राचा स्वर कानी येतो आणि तो स्वर बोलत असतो. सागाच्या फळीची चीर मिटू लागून पाते आवळले गेले की मोटरचा सूर खाली उतरतो. फळी उलटी फेकली जाण्याआधी मिळणारी ती सूचना असते. राउटरचे पाते बोथट झाले किंवा एका वेळी जास्त खोल घातले, तर तोही जड सुरात चालतो आणि कडा करपते. त्या क्षणी कानात विविध भारतीची 'जयमाला' वाजत असेल, तर हा इशारा उशिरा मिळेल. मला हा धोका कोणत्याही गाण्यासाठी पत्करण्याजोगा वाटत नाही.

हाताच्या अवजारांनाही आवाज असतो, पण तो गाण्याखाली दबत नाही. धारदार रंधा लाकडाच्या तंतूंच्या सरळ रेषेतून जाताना एकसलग सर्र असा आवाज देतो, ढलपी कागदासारखी निघते. उलट्या रेषेवर गेला की तोच अडखळतो, आणि रेडिओ सुरू असतानाही हे स्पष्ट कळते. काय ऐकावे हेही कामानुसार ठरत गेले. रंधा आणि पॉलिश पेपरच्या लांबट कामाला विलंबित ख्याल किंवा सतार फार जुळते. गुण्या आणि खतावणी ही आखणीची अवजारे घेऊन मापे आखताना मात्र मी शब्द असलेले काहीही लावत नाही, कारण निवेदकाने एखादा आकडा उच्चारला की मनातले माप विचलित होते. कामासाठी संगीत निवडण्याचा हा विचार जुना आहे: बीबीसीने 1940 मध्ये कारखान्यांतील कामगारांसाठी 'म्युझिक व्हाइल यू वर्क' हा कार्यक्रम सुरू केला, तो 1967 पर्यंत चालला, आणि त्यात लय सम राहावी, ऐकणाऱ्याचे हात कामावरून उठू नयेत, याची काळजी घेतली जात असे.

देखभालीत एकच शत्रू आहे, तो म्हणजे सँडरची (लाकूड घासणाऱ्या यंत्राची) बारीक धूळ. रेडिओच्या जाळीवर मी मलमलीचा तुकडा रबराने ताणून बसवला आहे. त्याने आवाज किंचित मऊ होतो, पण बोलणे स्पष्ट राहते. मध्यंतरी आवाजाचे बटण फिरवताना करकर सुरू झाली होती, ती इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणाऱ्या संपर्क साफ करण्याच्या फवाऱ्याने गेली. साधे सेल संपल्यावर आत राहिले तर पाझरतात, म्हणून मी पुन्हा चार्ज होणारे वापरतो आणि गावी जाताना ते काढून ठेवतो. आवाजरोधकाच्या गाद्या घामाने कडक होऊन भेगाळतात आणि मग आवाज अडवण्याची त्यांची क्षमता घटते. घेताना त्या सुट्या मिळतात का हे विचारूनच घ्यावे, कारण माझ्या विक्रेत्याकडे त्या नव्हत्या आणि शेवटी मला त्या दुसरीकडून मागवाव्या लागल्या.