मुलीचं नाव: सई की जुई?

दोन्ही नावं दोन अक्षरांची, अस्सल मराठी, हाक मारायला सोपी. तरी वळण वेगळं.

सई म्हणजे सखी, मैत्रीण. संस्कृत ‘सखी’तला ‘ख’ प्राकृतात ‘ह’ झाला, ‘सही’ बनली, आणि मराठीत ‘ह’ही गळाला. या नावामागे इतिहास उभा आहे: फलटणच्या निंबाळकरांची लेक सईबाई, शिवरायांच्या पहिल्या पत्नी, संभाजीराजांच्या आई. १६५९ साली राजगडावर त्यांचं निधन झालं. दिग्दर्शिका सई परांजपे आणि अभिनेत्री सई ताम्हणकर यांच्यामुळे नाव आजही कानावर असतं.

जुई फुलाचं नाव, संस्कृत ‘यूथिका’वरून आलेलं. पावसाळ्यात बहरणारी, संध्याकाळी उमलणारी नाजूक वेल. ऐतिहासिक ओझं नाही, अर्थ सांगावा लागत नाही. हिंदी मुलखात फार तर ‘जुही’ होईल, आणि तेही फूल तेच.

खरी अडचण सईची, रोमन लिपीत. एस-ए-आय लिहिलं की बाहेर सगळे ‘साई’ वाचतात. तेलुगू भागात साई मुलांचंही नाव असल्याने मुलगा की मुलगी हाही घोळ होतो. एस-ए-डबल ई त्यातल्या त्यात बरं. जे ठरेल तेच जन्मदाखला, आधार आणि पासपोर्टवर अक्षरन् अक्षर सारखं ठेवा. निर्णय लांबला तर जन्म २१ दिवसांत नावाविना नोंदवा. नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं.

महाराष्ट्रात वाढणार असेल तर आमचं मत सईला, परदेशी जाणार असेल तर जुईला.